साडेचारशेचा ताप

आमच्या डोंबिवलीच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा माझे सासरे नुकतेच रिटायर झालेले. वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी टेस्टिंग खात्यात काढली. पंप सुरू करायचा, तो चांगला तापेपर्यंत चालवायचा, त्याला कान लावून ऐकायचं आणि टिकला तर त्याच्यावर खडूने ओके लिहायचं. हे काम त्यांना इतकं आवडायचं की रिटायर झाल्यावर त्यांच्या हातांना काय करावं तेच कळेना. मग ते घर तपासू लागले. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये किती वेळ जातो, दाराची कडी किती जोरात ओढल्यावर सुटते, छत्री उघडायला बटण किती दाबावं लागतं. एकदा सासूबाई पोळ्या लाटत असताना ते बाजूला उभे राहून पोळ्यांची जाडी बघू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला तेवढं सोडा. मी कधीच पास झालेय."

कॉम्प्युटर घ्यायचा हट्ट माझा. मी कल्याणला स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे. नव्वदीचं दशक संपत आलेलं आणि कल्याण-डोंबिवलीतल्या प्रत्येक आईबापाला वाटायचं की आपला पोरगा कॉम्प्युटर शिकला नाही तर तो रस्त्यावर येईल. त्यामुळे क्लास भरलेला असायचा, पण क्लासमधली मशिन्स इतकी म्हातारी होती की एक फाइल उघडेपर्यंत मी एक धडा शिकवून घ्यायचे. घरी स्वतःचं नवीन, चपळ मशीन असावं असं मला फार वाटायचं. शेवटी ठाण्यातल्या एका दुकानातून सुटे भाग निवडून असेंबल करून घेतलं. येताना कॅबिनेट नवऱ्याच्या मांडीवर, मॉनिटर माझ्या मांडीवर आणि कीबोर्ड रिक्षावाल्याच्या शेजारी. रिक्षावाला प्रत्येक खड्ड्याला मागे वळून विचारायचा, "टीव्ही ठीक आहे ना?"

प्रोसेसर तीनशेचा होता. तीनशे मेगाहर्ट्झ. त्या काळात हा आकडा लोक मोटारसायकलच्या अ‍ॅव्हरेजसारखा एकमेकांना विचारायचे.

माझ्या क्लासमध्ये हार्डवेअर शिकवणारा एक सहकारी होता. शहाडला राहायचा. काटकुळा, आणि शर्टाच्या खिशात इतर मास्तर पेन लावतात तिथे हा स्क्रू ड्रायव्हर लावायचा. दुसऱ्या दिवशी त्याने मला गाठलं.

"मॅडम, कितीचा घेतला?"

"तीनशेचा."

तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "तीनशेचा नाही तो. साडेचारशेचा आहे. झोपलाय."

"म्हणजे?"

"अहो, आतमध्ये माल तोच असतो. कंपनी शिक्का तीनशेचा मारते. मदरबोर्डवर एक जंपर असतो, छोटीशी काळी टोपी. ती इथून काढून तिथे घातली की साडेचारशे. माझा चालतोय ना घरी."

झालं. मला रात्रंदिवस एकच दिसायला लागलं, की माझ्या घरात एक साडेचारशेचा प्रोसेसर तोंडावर पांघरूण घेऊन झोपलेला आहे आणि शहाडमधला मात्र टक्क जागा आहे. मी नवऱ्याला सांगितलं. तो एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्टला असायचा आणि घरी असला की बहुतेक झोपलेलाच असायचा, त्यामुळे झोपलेल्या वस्तूंना उठवण्याबद्दल त्याचं मत चांगलं नव्हतं.

"काय होईल त्याने?"

"दीडपट फास्ट होईल."

"काय फास्ट होईल?"

मी त्या मशीनवर क्लासच्या नोट्स टाइप करायचे, आणि माझी बोटं काही साडेचारशेची होणार नव्हती. पण मी म्हटलं, "सगळंच."

रविवारी सहकारी आला. कॅबिनेटचं झाकण काढलं, टोपी इथून काढून तिथे घातली आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ४५० आलं. मी टाळ्या वाजवल्या. नणंदेने आतून पेढे आणले. ती डोंबिवलीतच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, माझ्याहून लहान, आणि घरात तिच्याइतकं शांत कोणी नव्हतं. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं? जागा झाला का?" आम्ही पेढे खात असतानाच पडदा निळा झाला, त्याच्यावर काहीतरी इंग्रजी मजकूर आला आणि मशीन थिजलं.

सहकारी अजिबात घाबरला नाही. "चालू तर झाला ना? आता तो टिकतो का ते बघायचं. स्टॅबिलिटी टेस्ट करायला लागेल."

टेस्ट हा शब्द ऐकल्याबरोबर आतल्या खोलीत पेपर मिटल्याचा आवाज आला आणि सासरे बाहेर आले.

"कसली टेस्ट?"

सहकाऱ्याने फ्लॉपी काढून समजावून सांगितलं. या फ्लॉपीत एक प्रोग्राम आहे. तो प्रोसेसरला मोठमोठ्या संख्यांची भयंकर गणितं घालतो, अशी की ज्यांची उत्तरं त्याला आधीच माहीत आहेत. प्रोसेसर जिवाच्या आकांताने गणितं करतो, तापतो, आणि एक जरी उत्तर चुकलं तरी प्रोग्राम जागीच थांबतो. एक दिवस आणि एक रात्र न चुकता चालला तर मशीन पक्कं.

सासरे खुर्चीत बसले. बऱ्याच महिन्यांनी मी त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव बघितला. "म्हणजे फुल लोडवर," ते म्हणाले.

"हो काका. फुल लोड."

"मग हे तुम्हा पोरांचं काम नाही."

त्या दिवसापासून कॉम्प्युटर माझा राहिला नाही. तो बाबांच्या खात्यात गेला.

पहिली टेस्ट दुसऱ्या दिवशी लावली, ती दुपारपर्यंत चालली आणि थांबली. बाबांनी लगेच चौकशी सुरू केली. त्या क्षणी घरात कोण काय करत होतं? मी कपडे वाळत घालत होते, नवरा झोपला होता, नणंद लॅबमध्ये. आई, म्हणजे सासूबाई, स्वयंपाकघरात मिक्सरवर खोबऱ्याची चटणी वाटत होत्या.

"मिक्सर!" बाबा म्हणाले. "व्होल्टेज खाल्लं मिक्सरने."

"मी चटणी वाटली," आई म्हणाल्या. "व्होल्टेज खाल्लं नाही."

"परत लावून बघू. मी टेस्ट सुरू करतो. मी हाक मारली की तू मिक्सर लाव."

"खोबरं संपलं."

"रिकामा लाव."

"रिकामा मिक्सर कोणी लावतं का? पाती जातील माझी."

मग बाबा स्वतः खाली जाऊन नारळ घेऊन आले. चार. त्या संध्याकाळी हॉलमधून हाक यायची, "लाव!" आणि स्वयंपाकघरातून घर्रर्र आवाज यायचा. "बंद!" "लाव!" मिक्सर लावला की मशीन कधी थांबायचं आणि कधी अजिबात थांबायचं नाही. मिक्सर बंद असतानाही एकदा थांबलं. बाबांना यातून काहीच सिद्ध करता आलं नाही, पण पुढचे कित्येक दिवस आम्ही डोसा, पोळी, भात आणि एकदा तर उपमा, सगळं चटणीबरोबर खाल्लं.

यावर बाबांनी तोडगा काढला. "स्टॅबिलिटी पाहिजे ना? मग स्टॅबिलायझर लावा. फ्रीजला लावतो तसा."

"बाबा, त्या स्टॅबिलिटीचा आणि स्टॅबिलायझरचा..."

"नाव काय आहे त्याचं?" त्यांनी मला विचारलं. "स्टॅबि-लायझर. मग?"

फ्रीजचा स्टॅबिलायझर काढून कॉम्प्युटरला लावला. फ्रीज बिचारा उघडा पडला, म्हणून बंद ठेवला. आईंनी दोन दिवस दूध रोज तीनदा तापवलं आणि प्रत्येक वेळी उतू जाताना हॉलकडे बघून म्हणाल्या, "बघा, हेही फुल लोडवर आहे."

स्टॅबिलायझर लावूनही मशीन थांबायचं ते थांबलंच. मी शहाडच्या सहकाऱ्याला क्लासमध्ये विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, तापत असेल. हात लावून बघा." मी घरी येऊन झाकण काढलं, प्रोसेसरवरच्या पंख्याखालच्या त्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. बाबा शेजारी उभे होते.

"किती आहे?"

"खूप गरम आहे बाबा."

"खूप म्हणजे किती? खूप हा आकडा आहे का?"

घरात तापमान मोजायचं एकच साधन होतं. बाबांनी कपाटातून थर्मामीटर काढला, झटकून पारा खाली आणला आणि त्या जाळीच्या पात्यांमध्ये अलगद खोचला. आम्ही सगळे वाट बघत उभे. एवढ्यात आई आल्या आणि घाबरल्या, कारण घरात थर्मामीटर निघाला की कोणाला तरी ताप असतो.

"कोणाला आहे?"

"कॉम्प्युटरला," नणंद म्हणाली.

बाबांनी थर्मामीटर काढून उजेडात धरला. पारा शेवटच्या रेघेपर्यंत जाऊन थांबला होता. "एकशे आठ," ते गंभीरपणे म्हणाले.

आईंनी हात तोंडावर ठेवला. "एकशे आठ? मग राहील का तो?"

मी थर्मामीटर बाबांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. पारा आणखी चढून काच फुटली असती आणि तो आत मदरबोर्डवर सांडला असता तर टेस्ट कायमचीच संपली असती. बाबांना मात्र मी एका चालू प्रयोगात हात घातला याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी मी क्लासहून आले तर घरात विचित्र शांतता. बाबा भाजी आणायला गेलेले. टेस्ट चालू होती, कॅबिनेटला झाकण लावलेलं होतं, आणि कॅबिनेटच्या पत्र्यावर एक पांढरी ओली पट्टी, छान चौकोनी घडी घालून ठेवलेली. शेजारी वाटीत पाणी. आई पाट घेऊन समोर बसलेल्या. माझ्या डोळ्यासमोर त्या पट्टीतून पत्र्याच्या भोकांमधून आत ठिबकणारं पाणी आलं आणि मी किंचाळलेच.

"आई! अहो, करंट लागेल!"

"मिठाच्या पाण्याची पट्टी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोक नुसते मोजत बसता. उतरवायचं कोणी?"

मी पट्टी उचलली, वाटी उचलली, सगळं पुसून काढलं. पण खरं सांगायचं तर त्या घरात तोपर्यंत ताप उतरवण्याचा विचार करणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मग आम्ही झाकण कायमचं काढून टाकलं आणि घरातला टेबल फॅन उघड्या कॅबिनेटवर रोखून ठेवला. त्या दिवसापासून मशीन बरंच जास्त वेळ टिकू लागलं. आईंनी हे श्रेय पट्टीला दिलं.

मे महिना होता. टेबल फॅन कॉम्प्युटरकडे गेल्यामुळे माणसं छतावरच्या पंख्यावर आली. मशीन हॉलमध्येच होतं, कारण अर्थिंग धड असलेला प्लग पॉइंट तेवढाच. बाबांनी नियम केले. टेस्ट चालू असताना हॉलमधल्या कोणत्याही बटणाला हात लावायचा नाही. छताचा पंखा दोनवर होता, तो दोनवरच राहील. बेल वाजवायची नाही. बाबांनी बेलवर कागद चिकटवून 'कडी वाजवा' असं लिहिलं. त्यामुळे पेपरवाला, दूधवाला आणि वरच्या मजल्यावरचे सगळे कडी वाजवू लागले, आणि कडीच्या आवाजाने बाबा दर वेळी दचकून पडद्याकडे बघायचे.

बघत बसण्याच्या पाळ्या लागल्या. सकाळी बाबा, दुपारी आई (त्या समोर बसून तांदूळ निवडायच्या आणि मध्येच मान वर करून म्हणायच्या, "चाललंय हो."), मी क्लासहून आले की मी, आणि मी थकले की नणंद. तिला ही पाळी आवडायची. लॅबमध्येही ती रक्ताच्या नळ्या फिरवणाऱ्या मशीनसमोर बसूनच असायची. हळूहळू तिला त्या पडद्यावरचे आकडे माझ्यापेक्षा चांगले कळू लागले.

त्याच दिवसांत तिला बघायला येणं चाललेलं. आधी दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्ही वेळा ती खाली मान घालून बसली, विचारलं तेवढ्याचं हो-नाही म्हणाली, आणि दोन्ही वेळा निरोप आला की मुलगी फार गप्प वाटली. तिसरं स्थळ ठाण्याचं, वर्तकनगरचं. मुलगा एका ऑफिसात ड्रॉइंगचं काम करायचा. ते रविवारी येणार होते.

शनिवारी दुपारी बाबांनी टेस्ट लावली. रविवारी सकाळी ती चालूच होती. इतकी लांब ती कधीच गेली नव्हती. बाबांनी दाढी करतानाही आरसा असा धरला की पाठीमागचा पडदा दिसत राहील.

"बंद करा आता," आई म्हणाल्या. "पाहुणे येतील. हॉलमध्ये सगळं उघडं पडलंय. आतडी दिसतायत त्याची."

"थोडंच राहिलंय."

"मुलीला बघायला येतायत, मशीनला नाही."

"मग मुलीकडे बघू दे. मशीनकडे बघू नका म्हणावं."

आई माझ्याकडे वळल्या. मी बाबांच्या बाजूने असायला नको होते हे मला कळत होतं. पण मीही घड्याळाकडे बघत होते. शहाडला जाऊन सांगायचं होतं मला की झाला पास. मी म्हटलं, "आई, त्याच्यावर एक चादर टाकू या का?" बाबा आणि नणंद दोघं एकदमच म्हणाले, "हवा अडेल!"

पाहुणे आले. त्यांनी बेल दाबायला बोट पुढे केलं असणार, कागद वाचला आणि कडी वाजवली. मुलगा, त्याची आई, त्याचे वडील. तिघंही घामाघूम. सगळे सोफ्यावर बसले आणि आपोआप टेबल फॅनकडे बघू लागले. टेबल फॅन मन लावून कॅबिनेटला वारा घालत होता.

"जरा तीनवर कराल का पंखा?" मुलाच्या वडिलांनी छताकडे बोट दाखवून विचारलं.

"टेस्ट संपल्यावर," बाबा म्हणाले.

"कुणाची टेस्ट आहे?"

"प्रोसेसरची."

वडिलांनी आदराने मान हलवली. त्यांना वाटलं असावं की हे एखादं सरकारी काम आहे.

मी पोहे आणले. नणंद चहा घेऊन आली आणि नेहमीसारखी खाली मान घालून बसली. फक्त या वेळी तिची मान जिथे खाली होती, तिथे मॉनिटर होता. मुलाची आई तिला विचारत होती, स्वयंपाक आवडतो का, शिवण येतं का, आणि ती पडद्याकडे बघत "हो," "येतं," म्हणत होती. बाबांनी तेवढ्यात मुलाची विचारपूस सुरू केली.

"सलग किती वेळ काम करता?"

मुलगा बिचारा गोंधळला. "जेवायची सुट्टी सोडली तर... संध्याकाळपर्यंत."

"आणि जास्त लोड आला तर?"

"थांबतो ना काका. म्हणजे, जास्त वेळ बसतो."

"थांबतो की बसतो?"

"बाबा," मी म्हटलं.

मुलाने घाम पुसला, सैल व्हावं म्हणून पाय जरा मागे, सोफ्याखाली सरकवले, आणि टक् असा आवाज झाला.

सोफ्याच्या खाली, फरशीवर, एक्स्टेन्शन बोर्ड होता. त्याच्या मोज्यातल्या अंगठ्याने बोर्डाचं बटण दाबलं गेलं होतं. पडदा काळा झाला. टेबल फॅन फिरत फिरत मंद झाला आणि थांबला. कॉम्प्युटरची ती सतत चालणारी गुणगुण थांबल्यावर घर इतकं शांत झालं की शेजारच्या फ्लॅटमधली फोडणी ऐकू आली.

मुलाची आई म्हणाली, "अगं बाई, दिवे गेले का?"

बाबा उभे राहिले. मग बसले. मग त्यांनी मुलीला विचारलं, "किती राहिलं होतं?"

"थोडंच," नणंद म्हणाली.

मुलगा गुडघ्यावर बसून सोफ्याखाली हात घालत होता. "सॉरी काका, सॉरी, मी चालू करतो, हे घ्या झालं चालू." टेबल फॅन परत फिरू लागला. कॉम्प्युटर काही चालू झाला नाही, त्याचं बटण वेगळं दाबावं लागायचं. मुलाने केविलवाण्या चेहऱ्याने वर बघितलं. त्याच्या केसांना सोफ्याखालची जळमटं लागलेली.

आणि माझी नणंद हसली. अशी तशी नाही. आधी तिने पदर तोंडाला लावला, मग तो पुरेना, मग ती वाकून वाकून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी लग्न होऊन त्या घरात आल्यापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. आई तिच्याकडे डोळे वटारून बघत होत्या, पण ती काही थांबेना.

"हसतेस काय?" बाबा म्हणाले. "नापास झालं ना ते!"

"नाही बाबा," ती श्वास घेत म्हणाली. "तो नापास नाही झाला. गणित चुकलेलं नाही. हा ऑपरेटरचा फॉल्ट आहे."

ऑपरेटर अजून गुडघ्यावरच होता. त्याने विचारलं, "पण चालू काय होतं ते?"

मग ती बोलू लागली. जंपर म्हणजे काय, तीनशेचे साडेचारशे कसे होतात, उत्तर माहीत असलेली गणितं का घालायची, मिक्सर, स्टॅबिलायझर, एकशे आठ ताप, मिठाच्या पाण्याची पट्टी. मिक्सरचा आवाजही काढून दाखवला. मुलगा फरशीवर मांडी घालून ऐकत होता. त्याचे आईवडील पोह्यांच्या बश्या हातात धरून ऐकत होते. पट्टीच्या ठिकाणी मुलाची आई आमच्या आईंकडे वळून म्हणाली, "बरोबर केलंत. मीसुद्धा तेच केलं असतं." आईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला.

सगळं सांगून झाल्यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे आता परत पहिल्यापासून?"

"परत पहिल्यापासून," बाबा म्हणाले.

"मग मी पुढच्या रविवारी येऊ का? माझ्यामुळे गेलंय, तर मी बसतो ना पाळीला."

त्याचे वडील खोकले. बघायला आलेल्या मुलाने पुढच्या रविवारी स्वतःहून येतो म्हणायची पद्धत नव्हती. पण बाबांनी त्याच्या प्रश्नावर कामाचा प्रश्न म्हणून विचार केला.

"या," ते म्हणाले. "पण पाय वर घेऊन बसायचं."

तो आला. पाय वर घेऊन सोफ्यावर बसला, शेजारच्या खुर्चीत नणंद. दोघं पडद्याकडे बघत बोलत होते. एकमेकांकडे बघायचं नसलं की माणसं किती बोलतात ते मी त्या दिवशी बघितलं. आई दर थोड्या वेळाने काहीतरी खायला घेऊन यायच्या. दुपारी, कोणी कशालाही हात लावलेला नसताना, मिक्सर बंद, बेल बंद, पंखा दोनवर, प्रोग्राम आपला आपण थांबला. गणित चुकलं होतं.

या वेळी खरोखरच नापास. मला वाईट वाटलं ते शहाडला सांगावं लागेल याचं. सोमवारी सहकाऱ्याला सांगितलं, तर तो डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, प्रत्येक प्रोसेसरचं नशीब वेगळं. मध्ये पावणेचारशेची पण सेटिंग आहे. ती लावून बघा." मग जरा वेळाने हळूच म्हणाला, "माझा पण पावणेचारशेवरच आहे. साडेचारशेवर एकदा चालू झालेला." मला त्याच्या खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून त्यालाच मारावंसं वाटलं.

बाबांना पावणेचारशे मान्य नव्हतं. "पंप पास होतो, नाहीतर नापास होतो. थोडा पास असं नसतं."

त्यांची समजूत वर्तकनगरच्या मुलानेच काढली. "काका, तीनशेचा पंप तुम्ही पावणेचारशेवर चालवताय. कंपनीच्या पुढेच गेलात ना तुम्ही."

बाबांना हे पटलं. कंपनीच्या पुढे जायचं त्यांच्या आयुष्यभर राहून गेलेलं. जंपर हलवला, टेस्ट लावली, आणि ती चालली. दिवस चालली, रात्र चालली, पुढचा दिवसही चालली. बाबांनी मुद्दाम मिक्सर लावायला सांगितला. चालली. बेलवरचा कागद फाडून स्वतः बाहेर जाऊन बेल वाजवली. चालली. शेवटी त्यांनी कुठूनसा पांढरा खडू आणला आणि कॅबिनेटच्या बाजूवर सुबक अक्षरात ओके लिहिलं. खाली तारीख घालायला जागा उरली नाही म्हणून हळहळले.

मुलगा त्याही दिवशी होता. तो आता दर रविवारी असायचा, आणि अधूनमधून ठाण्याहून ऑफिस सुटल्यावरही टपकायचा. टेस्ट संपल्यावर येण्याचं कारण संपलं, पण हे त्याच्या लक्षात आलं नाही, आणि कोणी आणूनही दिलं नाही. शेवटी त्याच्या आईचाच फोन आला. "आमचा मुलगा सारखा तिकडेच असतो, तर ठरलं असं समजू का आम्ही? हॉल बुक करायला लागेल."

आईंनी फोनवर हात ठेवून नणंदेला विचारलं. ती म्हणाली, "सांग, ठरलं." आणि परत हसायला लागली.

लग्न दिवाळीनंतर झालं. पुढे त्यांनीही कॉम्प्युटर घेतला, आणि जावईबापूंनी त्याचा जंपर लगेच हलवला. नणंदेचा फोन आला, "वहिनी, बाबांना पाठव. आमचा थांबतोय." बाबांनी पिशवीत दोन शर्ट आणि टेबल फॅन भरला आणि ते वर्तकनगरला गेले. बरेच दिवस आलेच नाहीत.

घर शांत झालं. एका दुपारी आई हॉलमध्ये येऊन माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मला दाखव काय काय होतं यावर ते. एवढा ताप काढला त्याचा." मी त्यांना त्यावरचा पत्त्यांचा खेळ लावून दिला. माऊस धरायला त्यांना जड गेलं, पण पत्ते त्या तरुणपणापासून खेळत आलेल्या. दोन-तीन दिवसांत त्या मला काही विचारेनाशा झाल्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांचा डाव लागला. डाव लागला की त्या खेळात सगळे पत्ते उड्या मारत पडदाभर पसरतात. आमच्या मशीनवर ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झर्रकन पसरले आणि संपले.

आई चष्मा वर करून पडद्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"अगं, हे जरा हळू करता येईल का?"